वाकडी दांडी

दांडी म्हटलं की माझ्या वर्गातल्या मुलांना एकच दांडी आठवते. शाळेला मारायची! पण आज मी सांगणार आहे ती दांडी निराळी. ती गिअरची दांडी आहे, एका जुन्या जीपची, आणि ती मुद्दाम वाकडी केलेली आहे. तशी का केली, कुणासाठी केली आणि ती करताना आम्हां सगळ्यांना तरफेचा धडा नव्याने कसा शिकावा लागला, त्याची ही गोष्ट.

जीप माझ्या काकांची. चौल-रेवदंड्याच्या बाजूला तुम्ही कधी आला असाल तर आमच्याकडच्या वाड्या तुम्ही पाहिल्या असतील. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळ, त्यांच्या सावलीत सुपारी, मध्येच केळी आणि जायफळ. काका या वाड्यांमधला माल अलिबागच्या बाजारात नेतात. नारळ, सुपारी, शहाळी, आणि हंगामात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा. गाडी म्हणजे लांब चासीची जुनी महिंद्रा जीप. पुढे दोन माणसं बसतील एवढी जागा आणि मागे लोखंडी हौदा. गावात तिला सगळे 'पिकप' म्हणतात. माझ्या आजोबांनी ती सरकारी लिलावात घेतली होती. नोंदणीच्या पुस्तकात तिचं साल १९६९ आहे. म्हणजे मी जन्माला आले तेव्हा ती माझ्या आजच्या वयाच्या जवळपास होती!

या जीपचं घराणं मोठं गमतीदार आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला चिखल, वाळू, डोंगर कशातूनही जाणारी छोटी, हलकी गाडी हवी होती. विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी अशा लाखो गाड्या बनवल्या. युद्ध संपलं आणि तीच गाडी शेतकऱ्यांच्या, सरकारी खात्यांच्या कामाला लागली. इकडे मुंबईत १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी निघाली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. विलिसच्या जीपचे सुटे भाग बोटीने आणून माझगावला जोडण्याचं काम याच कंपनीने सुरू केलं. पुढे भागही इथेच होऊ लागले. आमच्याकडे तहसीलदार, पोलीस, डॉक्टर, सगळे जीपमधूनच यायचे, असं आजी सांगायची.

आता मूळ गोष्टीकडे वळते.

३ जून २०२० हा दिवस रायगडच्या किनाऱ्यावरचं कुणीच विसरणार नाही. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्यावरून गेलं. आदल्या दिवशी उभी असलेली सुपारीची झाडं दुसऱ्या दिवशी काडेपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशी आडवी पडली होती. घरावरची निम्मी कौलं उडालेली, आणि पावसाळा अगदी तोंडावर. काका शिडी लावून वर चढले, कौलं बसवू लागले, आणि शिडी सरकली. डावा खांदा निखळला.

खांदा जागेवर बसला, पण पहिल्यासारखा झाला नाही. महिनोन् महिने व्यायाम करूनही डावा हात पुढे लांब करायचा म्हटलं की अर्ध्या वाटेवर अडतो. छातीच्या उंचीच्या वर तर जातच नाही. जेवणखाण, लिहिणं, वाडीतली हलकी कामं सगळं जमतं. जमेना ती एकच गोष्ट, गिअर टाकणं.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवावी! पहिले काही महिने माझ्या चुलतभावाने चालवलीही. त्याची मुंबईची कचेरी टाळेबंदीत बंद होती. कचेरी उघडली, तो गेला. मग रोजावर माणूस ठेवला, तर भाड्यातले निम्मे पैसे त्यालाच. आणि हे पैसे चैनीचे नव्हते. वाडी झोपलेली. नारळाचं नवं रोप लावलं तर फळ धरायला सहा-सात वर्षं सहज जातात, सुपारीचीही तीच कथा. तोवर घर चालणार होतं ते या हौद्याच्या भाड्यावर. शिवाय आणखी एक गोष्ट होती, ती काका बोलून दाखवत नव्हते. रोज संध्याकाळी ते अंगणात उभ्या असलेल्या गाडीत नुसतेच जाऊन बसायचे. खाऱ्या वाऱ्यात गाडी उभी राहिली की लोखंडाला गंज चढतो, तसंच काहीसं काकांचं होत होतं.

आता ही गिअरची दांडी नेमकी असते कशी, ते बघू. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याच्या डाव्या हाताला, जमिनीतून वर आलेली एक दांडी असते आणि तिच्या टोकाला मूठ. काकांच्या गाडीला पुढे जायचे तीन गिअर आणि मागे जायचा एक. इंग्रजी 'एच' अक्षर डोळ्यांसमोर आणा. चालकापासून लांबच्या, म्हणजे डाव्या उभ्या रेघेत वरच्या टोकाला रिव्हर्स, खालच्या टोकाला पहिला. जवळच्या रेघेत वर दुसरा, खाली तिसरा. वर म्हणजे मूठ पुढे ढकलायची, खाली म्हणजे मागे ओढायची. काकांना पहिला आणि तिसरा कसाबसा पडायचा. दुसऱ्याला हात पुरेना. आणि रिव्हर्स तर सगळ्यात दूर, पुढे आणि पलीकडे, दोन्हीकडून अवघड.

रेवदंड्याच्या अलीकडे एक जुने मिस्त्री आहेत. जीपच्या गिअरपेट्या त्यांनी इतक्या उघडल्यात, की आवाज ऐकून आत काय झिजलंय ते सांगतात. काका त्यांच्याकडे गेले. सुट्टी होती म्हणून मीही सोबत गेले. घरात तीन जणांच्या तीन सूचना तयार होत्याच. चुलतभावाचं म्हणणं, गिअर स्टिअरिंगजवळ घ्यावा, जुन्या फियाटला असायचा तसा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत तुमच्या आईबाबांनी ती दांडी नक्की पाहिली असेल. या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईचा निरोप घेतला. अँबेसेडरलाही तशीच दांडी असायची.

मिस्त्रींनी मान हलवली. "बाई, गिअरपेटी इथे खाली, दांडी तिथे वर. मध्ये सळ्या आणि सांधे. एकेका सांध्यात केसभर ढिलाई आली, की सगळ्यांची मिळून बोटभर होते. वर आपला समुद्राचा वारा! दोन पावसाळ्यांत मूठ एकीकडे आणि गिअर दुसरीकडे."

मला नंतर वाचनात सापडलं, की युद्धानंतर सामान्य लोकांसाठी निघालेल्या पहिल्या जीपगाड्यांना, १९४५-४६ साली, गिअर स्टिअरिंगजवळच दिला होता. लवकरच कंपनीने तो सोडून दिला आणि दांडी परत जमिनीवर आणली. आमच्या मिस्त्रींनी हे कुठे वाचलेलं नाही. तरी उत्तर तेच!

मग त्यांनी दांडी बाहेर काढून माझ्या हातात दिली. तिच्या खालच्या भागात एक गोळा असतो. तो गिअरपेटीच्या झाकणातल्या वाटीत बसतो. गोळ्याच्या खाली दांडीचं बोटासारखं टोक. हे टोक आत दोन सळ्यांच्या खाचांपैकी एकीत शिरतं आणि ती सळई पुढेमागे सरकवतं. सळईवर चिमट्यासारखा काटा असतो, तो गिअरचं चाक हलवतो. गंमत बघा, मूठ पुढे ढकलली की खालचं टोक मागे जातं. सीसॉवर एक जण वर गेला की दुसरा खाली येतो, तसंच. म्हणजे ही पहिल्या प्रकारची तरफ झाली. मध्ये टेकू, एका बाजूला बल, दुसऱ्या बाजूला भार. विज्ञानाच्या पुस्तकात आपण कात्री आणि पहार शिकतो. गिअरची दांडी मात्र तिथे कुणी दाखवत नाही. दाखवायला हवी.

आणखी एक युक्ती आत लपलेली असते. दोन सळ्यांच्या मध्ये एक छोटीशी कांडी. एक सळई सरकली की ही कांडी दुसरीच्या खाचेत जाऊन बसते आणि तिला जखडून टाकते. कारण दोन गिअर एकाच वेळी पडले तर चाकं दोन वेगवेगळ्या वेगांनी फिरायला बघतील आणि गिअरपेटीच अडकून बसेल. "ही कांडी झिजली असेल तर दांडीचं काम मी करणार नाही," मिस्त्री म्हणाले. त्यांनी झाकण उलटं करून ती आधी तपासली. ठीक होती.

शाळेच्या विज्ञानपेटीत ताणकाटा असतो ना, तो मी दुसऱ्या दिवशी नेला. गोळ्यापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर भरलं ६ सेंटिमीटर. गोळ्यापासून मुठीपर्यंत ४८. म्हणजे आठ पट. आत सळई दीड सेंटिमीटर सरकते, तर मुठीला बारा सेंटिमीटर जावं लागतं. दांडी परत बसवून मुठीला ताणकाटा अडकवून ओढला. तीनदा मोजलं, सरासरी चार किलो आली. म्हणजे खालच्या टोकाशी जोर पडत होता आठ चोक बत्तीस किलोंचा.

शाळा उघडल्यावर ही आकडेमोड मी फळ्यावर मांडली. तेव्हा चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, मग दांडी दुप्पट लांब केली तर?" करा की हिशोब! दांडी ९६ सेंटिमीटर, म्हणजे सोळा पट. जोर लागेल फक्त दोन किलो. पण मूठ न्यावी लागेल चोवीस सेंटिमीटर, आणि ती पुढच्या पत्र्यावर आपटेल. जोरात वाचवलं ते अंतरात द्यायचं, तरफ कुणालाच फुकट देत नाही. काकांची अडचण जोराची नव्हती, हात पोचण्याची होती. म्हणून त्यांना उलटा सौदा हवा होता. जोर थोडा जास्त लागला तरी चालेल, पण अंतर कमी करा!

नमुना कसा केला ते ऐका. मिस्त्रींनी हाताने वाकेल अशी एक सळई घेतली, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ती दांडीला घट्ट बांधली, आणि काकांना गाडीत बसवलं. "डोळे मिटा आणि हात आपसूक कुठे पडतो ते सांगा." काकांचा हात पडला तो जवळजवळ मांडीशेजारी. मिस्त्रींनी सळई तिथवर वाकवली. आम्हां सगळ्यांना वाटलं, झालं काम!

पण काकांनी दुसरा गिअर टाकून बघितला आणि तोंड वाकडं केलं. दुखलं. का? मूठ तर हाताशी आली होती. मला हे कोडं सुटेना. मिस्त्रींनी एक काडी घेतली आणि तिचं खालचं टोक जमिनीवर टेकवून दाखवलं. काडी सरळ उभी असेल तर तिचं वरचं टोक पुढे ढकलताना ते जवळजवळ आडवंच जातं. पण काडी तुमच्याकडे पुष्कळ कललेली असेल तर तेच टोक पुढे जाताना वरही चढतं. घड्याळाचा काटा नऊपासून बाराकडे कसा चढत जातो, तसं. दांडी मध्ये कितीही वळणं घेऊ दे. टेकूपासून मुठीपर्यंत सरळ दोरी ताणली तर ती दोरी किती कललेली आहे, तेवढंच महत्त्वाचं. काकांना हात पुढे न्यावा लागत नव्हता हे खरं, पण आता तो वर उचलावा लागत होता. आणि तेही त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

मग सुरू झाली घासाघीस. मूठ थोडी पुढे, थोडी बुटकी, थोडी उजवीकडे. चार नमुने झाले. शेवटचा बराचसा जमला, तरी दुसरा गिअर टाकताना खांद्यात एक कळ यायचीच.

तिथे उपयोगी पडल्या काकू. त्या डबा घेऊन आल्या होत्या. थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दांडी खाली येत नसेल तर यांनाच वर घ्या की!" आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. किती सोपं! बसण्याची जागा दोन-तीन इंच उंच केली तर खांदा वर जातो, आणि मुठीकडे हात नेताना तो उचलावा लागत नाही, खाली सोडला तरी पुरतो. काकूंनी घरच्या काथ्याची जाड गादी शिवली. पाय क्लचला नीट पोचतात ना, समोरचं नीट दिसतं ना, हे दोनदा बघितलं. कळ गेली. बक्षीस द्यायचं झालं तर मी काकूंना देईन!

शेवटच्या नमुन्यात टेकूपासून मुठीपर्यंत सरळ अंतर आलं ४२ सेंटिमीटर. म्हणजे आठऐवजी सात पट. मुठीची धाव बारावरून साडेदहा सेंटिमीटरवर आली आणि जोर चार किलोंवरून साडेचारच्या थोडा वर गेला. तुम्ही बत्तीसला सातने भागून बघा.

आता खरी दांडी. मिस्त्रींनी मूळ दांडीला हात लावू दिला नाही. "ही आजोबांच्या वेळची आहे, ती तशीच राहू दे." काका मांडव्याहून बोटीने मुंबईला गेले आणि कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून तशीच एक दांडी घेऊन आले. ती तापवून वाकवताना मिस्त्रींनी खालच्या गोळ्याला आणि टोकाला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि मधूनमधून त्यावर पाणी सोडत राहिले. कारण तो भाग मुद्दाम कडक केलेला असतो, झिजू नये म्हणून. तिथपर्यंत उष्णता पोचली तर कडकपणा जातो आणि टोक वर्षभरात बोथट होतं. वरचा भाग मात्र लाल होईपर्यंत तापवला आणि पाइप घालून सावकाश वाकवला. गोळ्याला एक खाच असते, तिच्यात पिन बसते. दांडीने स्वतःभोवती फिरू नये म्हणून ती सोय. दांडी एका बाजूला वाकलेली असली की ढकलताना ती पिळली जाते आणि तो सगळा पीळ या पिनेवर येतो. म्हणून पिन नवी घातली.

हे सगळं करायच्या आधी काकांनी दोन कामं केली होती, तीही सांगायला हवीत. गाडी चालवायला हरकत नाही, असं डॉक्टरांकडून लिहून घेतलं. आणि पेणला आरटीओत जाऊन, कागद दाखवून, विचारून आले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ५२ वं कलम आहे. नोंदणीत लिहिलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, असं ते सांगतं. त्याच कायद्यात अपंग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडीत बदल करून घेण्याची वाटही आहे. दादालोक मोटारसायकलचे सायलेन्सर बदलून गावभर कानठळ्या बसवत फिरतात ना, त्यांनी हे कलम एकदा वाचावं!

कुणीतरी म्हणालं होतं, पन्नास वर्षं झाली, आता हिची व्हिंटेज गाडी म्हणून नोंदणी करा. तसा नियम २०२१ मध्ये झालाय खरा. पण व्हिंटेज गाडी धंद्याला लावता येत नाही. काका हसले. "शोभेला ठेवायला मी काय राजा आहे?"

पहिली परीक्षा रिकाम्या मैदानात झाली, हौदा रिकामा ठेवून. प्रत्येक गिअर वीस वेळा. मी वहीत रेघा ओढत होते. पहिल्या दहांत रिव्हर्स तीनदा चुकला, नंतरच्या दहांत एकदाही नाही. मग चार दिवसांनी नारळ भरून साळावच्या पुलावरून पलीकडे, काशीदच्या घाटापर्यंत. मी शेजारी बसले होते. या गाडीचा पहिला गिअर चालत्या गाडीत गुमान पडत नाही, कुरकुरतो. म्हणून घाट चढायच्या आधीच दुसरा टाकावा लागतो, आणि तोच तर नेमका काकांचा नडलेला गिअर. वळण आलं. काकांनी क्लच दाबला, माझ्याकडे न बघता मूठ पुढे सारली. खट् असा आवाज आला आणि इंजिनाचा सूर बदलला. काका काही बोलले नाहीत. वर पोचल्यावर मात्र गाडी बाजूला घेऊन त्यांनी समुद्राकडे बघत एक आख्खं शहाळं प्यायलं. मला विचारलंसुद्धा नाही!

एक खोट मात्र राहिली आहे. तिसरा गिअर टाकला की मूठ गादीच्या कडेला घासते. काकूंनी तिथे गादीचा कोपरा कापून टाका घातलाय, तरी पावसाळ्यात काथ्या फुगला की घासतेच.

गणपतीला चुलतभाऊ आला आणि मोठ्या ऐटीत गाडीत बसला. क्लच दाबला, हात सवयीने जुन्या जागी गेला, आणि तिथे काहीच नव्हतं! दोनदा हवेतच मूठ आवळली. ओटीवरची सगळी मुलं खो खो हसायला लागली. जुनी दांडी तेल लावून, फडक्यात गुंडाळून पडवीत ठेवलेली आहे. तो म्हणाला, "काका, मी असेन तेव्हा ती जुनी बसवत जा ना. मिस्त्री म्हणतात, अर्ध्या तासाचं काम आहे."

"बसवतो की," काका म्हणाले. "पण आधी उतर. अलिबागला कांदा पोचवायचाय, उशीर होतोय."